तीनदा विचारणारी दुलसीनबाय

दुलसीनबायचा माझ्यावर विश्वास नव्हता. यात मी वेगळं वाईट वाटून घ्यावं असं काही नव्हतं, कारण तिचा कोणावरच नव्हता. डॉक्टरांवर नव्हता, पेशंटवर नव्हता, पेशंटच्या नवऱ्यावर तर मुळीच नव्हता. वजनकाट्यावरही नव्हता. रोज सकाळी ती आधी स्वतः काट्यावर उभी राहायची, आणि काटा कालच्याच आकड्यावर आला तरच बायकांना वर चढू द्यायची. आणीबाणी लागली त्या वर्षी मी तिच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, औषधाचं दुकान टाकलं. तेव्हापासून तिने माझ्याकडून घेतलेली एकही बाटली लेबल दोनदा वाचल्याशिवाय पिशवीत घातली नाही.

नंदाखालहून आगाशीकडे जाताना केळीच्या वाड्या संपतात न संपतात तोच डॉक्टर कोरगावकरांचं प्रसूतिगृह लागायचं. नाव मोठं होतं, पण होतं कौलारू घर, पुढे ओटी आणि आत सहा खाटा. डॉक्टर मुंबईत राहायचे आणि आठवड्यातून तीन दिवस यायचे. उरलेले चार दिवस, आणि खरं सांगायचं तर ते तीन दिवससुद्धा, प्रसूतिगृह दुलसीनबाय चालवायची. बुटकी, काटक, पन्नाशीला टेकलेली बाई. ड्यूटीवर पांढरं पातळ, घरी लाल चौकड्यांचं लुगडं आणि दोन्हीकडे तीच काळी छत्री. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसे, पायांकडे बघायची. मला आधी वाटलं, नवीन माणसाला लाजत असेल. मग कळलं, की तो तिचा तपासायचा भाग होता. "तोंडाला खोटं बोलायला येतं रे. पायांना नाय येत," ती म्हणायची. पाय सुजलेत का, भेगा पडल्यात का, बाई अंगठ्याने जमीन उकरतेय का, सगळं ती टिपायची. माझ्या चपलेचा पट्टा शिवलेला आहे, हे तिने माझ्या बायकोच्या आधी पाहिलं होतं.

दुसरी सवय प्रश्नाची. प्रसूतिगृहात आलेल्या प्रत्येक बाईला ती एकच प्रश्न तीनदा विचारायची: शेवटची पाळी कधी आली? एकदा ओटीवर आल्या आल्या, एकदा वजनकाट्यावर आणि एकदा बाई निघताना, चपला घालत असताना. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते वहीत जायचं. नाहीतर उलटतपासणी. एखादी वैतागून म्हणायची, "बाय, आताच तर सांगितलं!" की दुलसीनबायचं ठरलेलं उत्तर यायचं, "पेत्रासारखा संत कोंबडा आरवायच्या आत तीनदा खोटं बोलला. तू कोण लागून गेलीस?"

यात गंमत वाटते, पण काम सोपं नव्हतं. त्या काळात आमच्याकडे पाळीची तारीख कोणी सांगत नसे. ख्रिस्ती बायका म्हणायच्या राखेच्या बुधवारी, नाहीतर गावच्या सणाला. कामणकडच्या शेतकरी बायका म्हणायच्या संकष्टीला, पिठोरीला, भात लावताना. खाडीकाठची एखादी सांगायची, उधाणाचं पाणी बांधावर आलं त्या दिवशी. मग दुलसीनबाय विचारायची, "उधाण पुनवेचं का अवसेचं?" बाईच्या पदरातून अशी एकेक खूण काढून ती इंग्रजी तारखेत बसवायची. ख्रिस्ती सणांसाठी तिच्याजवळ चर्चचं कॅलेंडर होतं. हिंदू तिथी आली की ती छत्री उघडून रस्ता ओलांडायची आणि माझ्या दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर येऊन उभी राहायची. "पिठोरी कधी होती?" मी पान उलटून तारीख सांगायचो. ती स्वतः वाचून खात्री करायची आणि जायची. आभार वगैरे भानगड नाही.

आमची पहिली ओळख मात्र कॅलेंडरमुळे झाली नाही. दुकान टाकून महिना झाला असेल. वालीवच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण आला आणि हळूच म्हणाला, "बायकोची पाळी थांबलीय. त्या दोन गोळ्या द्या." त्या दोन गोळ्या म्हणजे कोणत्या, हे तेव्हा सांगावं लागत नसे. हॉर्मोनच्या गोळ्या होत्या, सुयाही होत्या. दोन दिवस घ्यायच्या. आठवड्यात पाळी आली तर दिवस नाहीत, नाही आली तर दिवस आहेत, अशी ती परीक्षा. लोकांचा आणखी एक समज होता की दिवस असले तरी त्याने मोकळं होता येतं. तसं काही होत नसे, पण समज कोण खोडणार? मी गोळ्या दिल्या. सगळेच देत होते.

दहा मिनिटांनी काळी छत्री दारात. दुलसीनबायने त्याच दोन गोळ्या काउंटरवर ठेवल्या.

"ह्या तू दिल्यास?"

"हो."

"बाईला बघितलंस?"

"नाही."

"दिवस किती गेलेत, विचारलंस?"

"नाही."

"त्याला बायको हाय का, ते तरी विचारायचं. माझा भाचा हाय तो, मीच पाठवलेला. अजून मुलगी बघतोय आम्ही त्याला."

मी पार खजील झालो. ती गोळ्या तिथेच ठेवून वळली आणि पायरीवरून म्हणाली, "सुई आज नाय तर उद्या टोचता येते. टोचलेली काढता येत नाय. ध्यानात ठेव."

मी ध्यानात काय ठेवलं, तर तिचा राग. ही बाई दुसऱ्या कोणा दुकानदाराला गिऱ्हाइकं पाठवत असणार, म्हणून माझ्या मागे लागली आहे, असा माझा पक्का ग्रह झाला. सहा महिने मी तिच्या पेशंट कुठे औषधं घ्यायला जातात यावर नजर ठेवली. त्या माझ्याकडेच येत होत्या. तरी माझा संशय गेला नाही. संशय सर्दीसारखा असतो, शेजाऱ्याकडून लागतो.

औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना तर तिची धडकीच भरायची. एका जानेवारीत टाय लावलेला एक गोरागोमटा तरुण आला, डॉक्टरांना त्याच सुयांची महती सांगू लागला. किती सोपं, किती झटपट, लघवी मुंबईला पाठवायला नको आणि निकालाची वाट बघायला नको. दुलसीनबाय त्याच्या बुटांकडे बघत उभी होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "तुझ्या बायकोला दिवस हायत का नाय ते बघायला देशील ही सुई?"

"माझं लग्न झालेलं नाही, सिस्टर."

"मग आईला विचार, तू पोटात असताना घेतली असती का."

तो घाम पुसत उठला. जाताना त्याने भेट म्हणून कंपनीचं भिंतीवरचं कॅलेंडर पुढे केलं. तेव्हा दुलसीनबायने एक अशी गोष्ट केली की मी हे सगळं आज लिहितोय ते त्या गोष्टीमुळे. तिने कॅलेंडर घेतलं. "सुया घेऊन जा. हे राहू दे," म्हणाली.

तिने ते घेतलं, याला कारण मी होतो. आठच दिवसांपूर्वी दुकानात गर्दी असताना ती तिसऱ्यांदा तिथी विचारायला आली आणि मी चिडून म्हणालो होतो, "दुलसीनबाय, अहो एक स्वतःचं कॅलेंडर घ्या ना आता!" ती छत्री उघडून निघून गेली होती. त्यानंतर तिथी विचारायला रस्ता ओलांडून आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तिच्या संशयाचा एकदा मात्र मला फार अभिमान वाटला. मे महिन्यात कामणहून एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं लग्न ठरलेलं आणि चार महिने पाळी नाही. आईने मुलीला दंडाला धरून ओटीवर आणलं, मारायचंच बाकी ठेवलं होतं. "सुई द्या बाय, मोकली करा. तोंड काळं करून आलीय," असं तिने सगळ्यांसमोर म्हटलं. मुलगी रडतही नव्हती. नुसती सुस्त बसली होती. ओटीवरच्या सगळ्या बायकांच्या नजरा तिच्या पोटावर खिळल्या.

दुलसीनबायची तिच्या पायांवर. तिने वाकून पायाला हात लावला. मग म्हणाली, "वैशाखात हिचे पाय गार कसे?"

मग प्रश्न सुरू झाले. थंडी वाजते का? केस गळतात? आवाज आधीपासून असा घोगरा? मुलगी मान हलवत राहिली. दुलसीनबायने तिच्या गळ्यावरून बोटं फिरवली आणि आईला म्हणाली, "हिनं काय केलेलं नाय. हिच्या गळ्यातली गाठ काम करत नाय. ती सुस्तावली की पाळीपण सुस्तावते." आईचा विश्वास बसेना. तेव्हा दुलसीनबाय असं काही ओरडली की रस्त्यापलीकडे मी काउंटरच्या मागून उठून बाहेर आलो. "संशय शरीराचा घ्यायचा असतो, पोरीचा नाय!"

डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात चिठ्ठी दिली. निदान थायरॉइडचंच निघालं. एक छोटी गोळी रोज, बस्स. दिवाळीपर्यंत मुलीची पाळी सुरळीत झाली आणि लग्नही लागलं. आई लाडू घेऊन आली. दुलसीनबायने डबा घेतला, रस्ता ओलांडला आणि एक लाडू माझ्यापुढे धरला. "आधी तू खा," म्हणाली.

आता सुमनचं सांगायला हवं. इतका वेळ मी टाळतोय.

सुमन खाडीकाठच्या एका भातशेतीच्या गावातली. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायचीच नाही. डॉक्टर म्हणायचे, हॉर्मोनचा तोल नाही. मधूनमधून औषध देऊन पाळी आणायची, तपासायचं, पुन्हा वाट बघायची, असं चाललं होतं. घरात सासूने दुसरी सून बघायची भाषा सुरू केली होती. सुमन फार बोलत नसे. औषध घेताना माझ्याकडून पुन्हापुन्हा समजून घ्यायची आणि पदराच्या टोकाला गाठ मारायची, सकाळी एक, रात्री एक.

गणपती गेल्यावर ती आली. ओटीवर दुलसीनबायने विचारलं, शेवटची पाळी कधी? सुमन म्हणाली, "श्रावन लागला ना बाय, त्याच्या तिसऱ्या दिवशी. सोमवार सोडून बुधवार."

दुलसीनबाय खूश झाली. इतकं नेमकं उत्तर तिला वर्षानुवर्षांत कोणी दिलं नव्हतं. दारामागे कंपनीचं कॅलेंडर होतं. तिने पानं उलटली, जुलैच्या पानावर श्रावण लागलेला दिसला, बुधवार मोजला. दहा आठवडे झाले होते. वहीत लिहिलं. आणि वजनकाट्यावर तिने विचारलं नाही. निघतानाही विचारलं नाही. आयुष्यात तिने एका बाईवर एकदाच भरवसा ठेवला, तो हा.

डॉक्टरांनी वही बघितली, सुमनला तपासलं. दहा आठवड्यांचा गर्भ असेल तर हाताला कळतो. हाताला काही लागलं नाही. म्हणजे दिवस नाहीत, नेहमीसारखीच पाळी रखडली. "दोन दिवस दोन सुया दे," डॉक्टर म्हणाले. सुया माझ्याकडून गेल्या. दुलसीनबायने टोचल्या.

आठवडा झाला, पंधरा दिवस झाले, पाळी आली नाही. सुमन परत आली तेव्हा मी तिथेच होतो, सलाइनच्या बाटल्या पोचवायला गेलो होतो. दुलसीनबाय तिच्या पायांकडे बघत होती. मग एकदम तिला काय वाटलं कोण जाणे, राहिलेला प्रश्न तिने तेव्हा विचारला.

"श्रावणात पाळी आली तेव्हा तू कुठं होतीस? काय करत होतीस?"

"घरीच. माहेराहून आलेले ना. धोंड्याचा महिना व्हता, माज्या मालकांना जेवन केलं, अनारशे दिले. तो महिना सरला, श्रावन लागला, मी परत आले. मंग तिसऱ्या दिवशी आली."

"धोंड्याचा महिना म्हणजे?"

सुमनने माझ्याकडे बघितलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि सांगता सांगता दारामागच्या कॅलेंडरचं जुलैचं पान उलटलं. त्या वर्षी श्रावण अधिक होता. दोन श्रावण. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा. त्यात व्रतं नाहीत, सण नाहीत, फक्त जावयांची चैन. आमच्याकडे नुसतं श्रावण म्हटलं की दुसरा, खरा. मी स्वतः त्या महिन्यात सासुरवाडीला अनारसे खाऊन आलो होतो. कंपनीच्या कॅलेंडरवर 'श्रावण' ठळक होतं आणि 'अधिक' मुंगीच्या पायाएवढं. त्याआधीचे अधिक महिने तिथी सांगणाऱ्या कोणा ना कोणाच्या तोंडून परस्पर वजा होत होते. दुलसीनबायला खरी तारीख तेवढी हातात मिळायची. असा एक महिना असतो, तो येतो पण कोणी धरत नाही, हे तिला कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

म्हणजे सुमनला तेव्हा दहा नव्हे, सहा आठवडे झाले होते. सहा आठवड्यांचा गर्भ हाताला चकवतो. सात वर्षांनी दिवस राहिले होते आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही तिला सुया टोचल्या होत्या.

डॉक्टरांनी दुलसीनबायला आत बोलावलं. दार नीट लागत नसे, त्यामुळे मला ऐकू आलं. ते वाईट माणूस नव्हते, घाबरले होते. "बहुतेक वेळा काही होत नाही, दुलसीन. कधीकधी मुलात व्यंग राहतं म्हणतात. तू काही बोलू नकोस. अगदीच वाटलं तर दिवस लवकरचे आहेत, मोकळं करता येईल."

ती बाहेर आली आणि सुमनसमोर बाकावर बसली. "सुमन, तुला दिवस हायत," ती म्हणाली. सुमनचा चेहरा फुलायच्या आतच पुढचं बोलली. "पण मी मोजायला चुकले. दिवस असताना सुया दिल्या. पोराला काय होईल, होणार नाय, मला माहीत नाय. डॉक्टर मोकळं करायला तयार हायत. चूक माझी हाय, तुझी नाय."

सुमनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग तिने जे विचारलं ते मला अजून ऐकू येतं. "बाय, तू चुकतेस?"

"चुकले."

"मंग ऱ्हाऊ दे," सुमन म्हणाली. "सात वरसं वाट बघितली. जसं येईल तसं माजं. पन सासूला सांगू नको."

त्या संध्याकाळी छत्रीने पुन्हा रस्ता ओलांडला. दुलसीनबायने माझं कॅलेंडर मागितलं. जुलैचं पान काढून मी दाखवलं. तिथे 'अधिक श्रावण' लाल अक्षरांत होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. मी म्हणालो, "मी तुम्हाला त्या दिवशी तसं बोललो नसतो तर..."

"तू स्वतःचं घे म्हणालास. कंपनीचं घे नाय म्हणालास," ती म्हणाली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय त्या गोळ्या द्यायच्या नाहीत असं ठरवलं. गिऱ्हाइकं आगाशीला जाऊन घेऊ लागली, तो भाग वेगळा.

पुढचे महिने तिने कसे काढले ते मी बघितलं. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ती एसटीने सुमनच्या गावाला जायची. पाय बघायची, लाकडी नळी पोटाला लावून ठोके ऐकायची, एकदा, दोनदा, तीनदा. सुमनच्या सासूला हे लक्षण बरं दिसेना. बिनमुलाबाळाची नर्स दर आठवड्याला सुनेच्या पोटाला कान का लावते? दुलसीनबाय यायच्या आधी ती सुमनच्या पोटावर काजळाची तीट लावून ठेवायची. दुलसीनबायला ते कळायचं. "तिचा संशय बरोबरच हाय," मला म्हणाली. "फक्त कारण वेगळं."

मी एकदा धीर करून विचारलं, "देवावर तरी विश्वास आहे का तुमचा?"

"हाय की," ती म्हणाली. "पण त्यालापण तीनदा सांगावं लागतं."

जूनच्या सुरुवातीला सुमन बाळंत झाली. मुलगी झाली. दुलसीनबायने नाळ कापली, बाळ पुसलं आणि खिडकीपाशी उजेडात नेलं. बोटं मोजली. हाताची, पायाची. तोंडात बोट घालून टाळू बघितली, पाठीच्या कण्यावरून हात फिरवला. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. सगळं जागच्या जागी होतं. डॉक्टर हसले, "झालं ना समाधान?" तिने बाळ सुमनच्या कुशीत ठेवलं. मी पेढे आणले, ते तिने खाल्ले नाहीत.

मला वाटलं, सुटली बिचारी. पण ती सुटली नव्हती. मुलीचं नाव मंगल ठेवलं. मंगल पालथी पडली, बसली, चालली, आणि दर वेळी दुलसीनबाय तिथे जाऊन खात्री करून आली. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, पोर ठणठणीत आहे. आता तरी सोडा." तेव्हा तिने मला खालच्या आवाजात सांगितलं. मिशनच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने तिला परदेशी मासिकातलं वाचून दाखवलं होतं. तिकडे गरोदर बायकांना असंच एक हॉर्मोनचं औषध द्यायचे. मुली जन्मल्या चांगल्या, धट्ट्याकट्ट्या. बिघाड कळला तो त्या वयात आल्यावर.

"पण आपली सुई ती नव्हती," मी म्हणालो. "डॉक्टरच सांगतात, ते औषध वेगळं."

"जात तीच ना?" ती म्हणाली.

पुढे त्या गोळ्यांवरून मुंबईत बायकांनी आवाज उठवला, बंदी आली, कोर्टकचेऱ्या झाल्या. बंदीची बातमी मी तिला वाचून दाखवली तेव्हा तिने पेपर माझ्या हातातून घेतला आणि तारीख वाचली. नंतर डॉक्टरांनी वय झालं म्हणून प्रसूतिगृह बंद केलं. दुलसीनबाय घरी बसली, म्हणजे माझ्या दुकानातल्या बाकावर बसली. रोज संध्याकाळी छत्री भिंतीला टेकवून ती गिऱ्हाइकांच्या पायांकडे बघायची. मी कोणाला काय देतो यावर तिचं लक्ष असे, आणि खरं सांगतो, मला त्याची सवय झाली होती. ती एखाद्या दिवशी आली नाही तर मीच लेबल दोनदा वाचायचो.

मंगलला बारावं लागलं होतं. एका संध्याकाळी सुमन तिला घेऊन दुकानात आली. सुमनने कापसाचं पाकीट मागितलं आणि माझ्याकडे न बघता पदर सावरला. मग बाकाकडे जाऊन दुलसीनबायच्या कानाशी काहीतरी बोलली. मी पाठ फिरवून बाटल्या लावायला घेतल्या, पण कान काही फिरवता येत नाहीत.

"कधी?" दुलसीनबायचा आवाज.

"परवा. द्वादशीला," सुमन म्हणाली.

"तिथी नको. तारीख सांग."

सुमन गडबडली. तारीख मंगलने सांगितली. सातवीतली पोर, शाळेत रोज फळ्यावर लिहिते, तिला कसली अडचण? दुलसीनबायने पिशवीतून जुनी वही काढली. प्रसूतिगृहाची, पिवळी पडलेली. शेवटच्या पानावर तिने हळूहळू लिहिलं. मग पैसे देऊन सुमन वळली तेव्हा पुन्हा विचारलं, "कधी म्हणालीस?" मंगलने तीच तारीख सांगितली, आईकडे बघून हसली.

दुलसीनबाय उठली. छत्री घेतली आणि मला न सांगता निघाली. वळणावरच्या क्रुसापर्यंत गेली. तिथे थांबून तिने छातीवर क्रुसाची खूण केली असेल, मला नीट दिसलं नाही. मला वाटलं, आता घरी जाईल. पण ती वळली आणि सगळा रस्ता परत चालत आली. सुमन आणि मंगल एसटीची वाट बघत माझ्या पायरीवरच उभ्या होत्या. ती मंगलसमोर उभी राहिली, तिच्या पायांकडे बघत.

"कधी?"

मंगलने तिसऱ्यांदा तीच तारीख सांगितली.

तेव्हा दुलसीनबायने मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.